दोराच्या या टोकाला

त्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता हरिपूरच्या संगमाखाली तुम्ही पाण्यात उतरलात. दोर माझ्या हातात होता. काही वेळाने दोराला दोन हिसके बसले आणि मी ओढू लागलो. दोराच्या टोकाला बांधलेला माणूस काठाला लागला. तो माणूस तुम्ही नव्हतात.

आबा, आज सोळावा दिवस आहे. वाचनालय उघडायला अजून दीड तास आहे. मी देवघेवीच्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. घरी लिहायला बसलो असतो तर शालनने विचारलं असतं, काय लिहिताय. तुझ्या भावाला लिहितो आहे, हे तिला सांगणं मला जमलं नसतं.

इथे सांगलीच्या वर्तमानपत्रात तुमच्यावर सहा ओळी आल्या. नाव, गाव कुंडल, पलटणीतली नोकरी, पेन्शनीनंतर हळदीच्या वखारीतली राखणदारी. वय तीन वर्षांनी चुकलं आहे. एरवी मी संपादकांना चिठ्ठी पाठवली असती. या वेळी नाही पाठवली. ते सगळं छापून झालेलं आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

मला फारसं काही वाटत नाही, हेही आधीच सांगून टाकतो. तुम्ही त्याचा वेगळा अर्थ काढणार नाही. लोक येतात, माझा हात हातात घेतात, मी मान हलवतो. कुंडलला दहाव्याच्या दिवशी बायका रडत होत्या, तेव्हा समोरच्या गोठ्याला ठोकलेल्या तेलाच्या डब्यांच्या पत्र्यावरची उलटी अक्षरं मी वाचत होतो. सगळी वाचून झाली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाचली. नंतर कोणीतरी मला जेवायला बोलावलं आणि मी पोटभर जेवलो.

तुम्ही एकाहत्तरच्या लढाईनंतर घरी आलात. वखारीशेजारच्या खोलीत राहायला लागलात आणि रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागलात. तुमच्या अंगाला हळदीचा वास असायचा. शालन म्हणायची, "दादा, रोज लगीन लागल्यागत दिसतोस." वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तुम्ही हसायचात आणि आणखी एक भाकरी मागायचात.

पहिल्याच हिवाळ्यात पुलाखाली एक होडी उलटली. नवराबायको होते, संध्याकाळी फिरायला निघालेले. तुम्ही घाटावर विडी ओढत बसला होतात, तसेच कपड्यांसकट गेलात आणि दोघांना घेऊन आलात. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे तिघे जण आलात. तुम्ही, होडी चालवणारा महादू आणि टायरचं पंक्चर काढणारा इसाक. शालनने चहा ठेवला. तुम्ही बशी खाली ठेवून मला विचारलंत,

"दाजी, पोहाया येतं का तुमास्नी?"

मी म्हणालो, "नाही."

"आजाबात?"

"अजिबात नाही. वडूजचा माणूस मी. आमच्याकडे पोहण्याइतकं पाणी असतं कुठे?"

तुम्ही महादूच्या पाठीवर थाप मारलीत. "गावलं रं गड्या. हेच आपलं मानूस."

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. महादूलाही तसंच वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "आवं आबा, ह्ये तर पुस्तकातलं मानूस. ह्येंस्नी नावंत बशिवलं तर नावच घाबरंल." तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, दोर धरणाऱ्याला पोहता येता कामा नये. पोहणाऱ्याला दम निघत नाही. समोर माणूस गटांगळ्या खाताना दिसला की तो हातातलं सगळं टाकून उडी मारतो. ज्याला पोहता येत नाही, तो काठ सोडत नाही.

हा नियम कुठून आला, ते तुम्ही पुढे एकदाच सांगितलंत. पूर्वेकडच्या लढाईत एका नदीवरून नाव पलीकडे न्यायची होती. काठावर दोर धरून उभा असलेला जवान तुमच्या पलटणीतला सगळ्यात तरबेज पोहणारा होता. मध्यात नावेतला एक जण पाण्यात पडला. काठावरच्याने दोर टाकला आणि उडी मारली. पडलेला माणूस त्याला सापडला. नाव सापडली नाही. नावेत पाच जण होते. एवढं सांगून तुम्ही समोरचं वर्तमानपत्र उचललंत आणि मला विचारलंत, "उसाचा काय भाव म्हनत्यात?"

तर असे आपण चौघे झालो. दिवाळीपासून होळीपर्यंत, जेव्हा नदी शांत असते आणि लोकांना होडीत बसायची हौस येते, तेव्हा दर रविवारी दुपारी आपण महादूच्या नावेत. महादू वल्ही मारणार. इसाक ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा टाकणार. कमरेला दोर बांधून पाण्यात तुम्ही उतरणार. मी काठावर टाचा रोवून उभा. दोर काथ्याचा, कारण तो पाण्यावर तरंगतो. एक हिसका म्हणजे सैल सोडा. दोन हिसके म्हणजे ओढा. आणि पाण्यात उतरलेल्याने कमरेचा दोर सोडायचा नाही; बुडणाऱ्याला कवेत घ्यायचं आणि काठावरच्याने दोघांना मिळून ओढायचं. हा तुमचा दुसरा नियम.

पाण्यात शिरण्याआधी तुम्ही दर वेळी मागे न बघता विचारायचात, "दाजी, धरलं?"

मी म्हणायचो, "धरलं."

मगच तुम्ही पुढचं पाऊल टाकायचात. कोणी ओरडत असलं तरी हे दोन शब्द झाल्याशिवाय नाही.

डॉक्टरांची मोटरबोट तुम्हाला आठवत असेल. गावातली पहिलीच. डॉक्टर टोपी घालून, बाईंना शेजारी बसवून निघाले आणि पुलाच्या पलीकडे इंजिन बंद पडलं. बोट आडवी होऊन बंधाऱ्याकडे सरकायला लागली. आपण नाव जवळ नेली. तुम्ही दोर पुढे केलात. डॉक्टर म्हणाले, "आम्हाला मदतीची गरज नाही. इंजिन गरम झालंय. दहा मिनिटांत थंड होईल."

तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, इंजिन थंड हुईस्तवर तुमी बी थंड हुशीला."

बाईंनी डॉक्टरांची टोपी काढून त्यांच्याच मांडीवर आपटली आणि म्हणाल्या, "गप्प बसा आणि धरा तो दोर." घाटावर उतरल्यावर डॉक्टर आपल्यापैकी कोणाशीही बोलले नाहीत. बाईंनी चौघांना घरी चहाला बोलावलं. तुम्ही गेला नाहीत, आम्हालाही जाऊ दिलं नाहीत. कोणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, असं तुमचं होतं. इसाक परत येताना वाटभर कुरकुरत होता. "च्या घेटला आस्ता तर काय नदी आटली आस्ती, आबा?" तुम्ही म्हणालात, "आज च्या, उंद्या बिस्कुट. परवा बिस्कुट न्हाई दिलं तर तू ट्यूब टाकनार न्हाईस." इसाक म्हणाला, "बिस्कुटासाठी न्हाई, पर कांद्याच्या भज्यासाठी एकांद्याला बुडवीन मी." तेव्हा तुम्ही इतके हसलात की नाव हलली.

एकदा मी वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकातलं तुम्हाला वाचून दाखवलं होतं. समुद्रकाठच्या गावांतून अशी माणसं असतात, कोळी, सुतार, पोस्टमन. कोणी पगार देत नाही, पण घंटा वाजली की हातातलं काम टाकून होडी समुद्रात लोटतात. हौसेने शिडाच्या होड्या घेऊन निघालेल्यांना वादळातून परत आणतात. त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होतात, म्हातारपणी त्यांना पदकं मिळतात. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल, आपल्यासारखे आणखी कोणी आहेत म्हणून. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्येंच्यात दोर कोन धरतं?" ते त्या लेखात नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मग लिवनारा काठावर हुबा नसनार."

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाही. मी म्हणायचो, सैन्यात हुकूम असतो, तो समजतो. बाळंतिणीला पलीकडे न्यायचं असेल, तेही समजतं. पण ही माणसं भडंग खात, ट्रान्झिस्टर लावून, उगाच फिरायला जातात. वल्हं धरता येत नाही, पाणी कळत नाही, एका होडीत दहा जण बसतात. यांच्या हौसेसाठी तुम्ही जीव का टांगायचा?

"मग नदी कशापायी हाय?" तुम्ही म्हणायचात. "धुनी धुवाया अन् राख सोडाया?"

मी म्हणायचो, "हा माझ्या प्रश्नाचा जबाब नाही."

एका रविवारी तुम्ही जबाब दिलात. आपण जेवून उठलो होतो, तुम्ही हात पुसत होतात. "दाजी, मी लय नद्या वलांडल्या. एका बी नदीत हसत बसल्यालं मानूस बघितलं न्हाई. हितं ऐतवारी बघतो. त्येंच्यापायी न्हाई वो, मी माझ्यापायी जातो." मी त्यावर म्हणालो की हे पटण्यासारखं आहे, पण बरोबर आहे असं नाही. तुम्ही म्हणालात, "तुमी पाटी लिवा." मी खरंच लिहिली. एका होडीत किती जणांनी बसावं, उभं राहू नये, संगमाखाली भोवऱ्यात जाऊ नये. तुम्ही ती पूर्ण वाचलीत, अक्षर झ्याक असल्याचं सांगितलंत आणि घाटावर कधीच लावली नाहीत. परवा तुमची खोली आवरताना ती पेटीत सापडली, गणवेशाच्या खाली, कडा न मुडपता ठेवलेली.

आता मी जे लिहिणार आहे, ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मला पोहता येतं.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात आम्ही वडूजला गेलो, तेव्हा चुलतभावाच्या नव्या विहिरीला चांगलं पाणी लागलं होतं. मी बेचाळीस वर्षांचा. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पायऱ्यांवरून उतरलो. वर मोटेवर काम करणारे गडी हसून हसून बसले. "आवं मास्तर, डबा पवतोय का तुमी?" त्या उन्हाळ्यात मी डब्यासह पोहलो, पुढच्या उन्हाळ्यात डब्याशिवाय. वेगाने नाही, पण विहिरीला वीस वेढे घालू शकतो. पहिल्यांदा मनात होतं, सांगलीला परतलो की तुम्हाला चकित करायचं. एसटी कऱ्हाडच्या पुढे आली आणि माझ्या ध्यानात आलं की हे तुम्हाला सांगितलं, तर दोर दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल. आबा, मी वाचनालयात पुस्तकं देतो आणि घेतो. मी नसलो तर शिपाई देईल. दोर ही एकच गोष्ट होती, जी कोणीतरी मी आहे म्हणून माझ्याकडे दिली होती. मी शालनला म्हणालो, दादाला बोलू नकोस. ती बरं म्हणाली.

त्यानंतर दोन हिवाळे तुम्ही विचारत होतात, "दाजी, धरलं?" आणि मी म्हणत होतो, "धरलं." ते खोटं नव्हतं. पण ज्या माणसाला तुम्ही विचारत होतात, तो मी राहिलो नव्हतो, असं मला वाटायचं.

त्या दिवशीचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण काठावरून कसं दिसलं, ते ठाऊक नाही.

संक्रांत होऊन गेली होती, हुरड्याचे दिवस होते. साताऱ्याच्या एका कचेरीतले पाच जण संगमाखालच्या मळ्यात हुरड्याला आले होते. खाऊन झाल्यावर त्यांनी मळ्याची मासे धरायची होडी सोडली. आपण हरिपूरला होतो म्हणून आपल्याला ओरडा ऐकू आला. होडी उलटलेली. तिघे पालथ्या होडीला धरून मध्यातून खाली चालले होते. महादूने तुम्हाला आणि मला काठावर उतरवलं आणि तो इसाकला घेऊन त्यांच्यामागे गेला. चौथा पोहून काठाला लागला होता आणि चिखलात पडून ओकत होता. पाचवा, अंगाने भरलेला, पन्नाशीचा माणूस, चाळीसेक हातांवर पाण्यात रोवलेल्या जाळ्याच्या मेढीला मिठी मारून होता. तुम्ही कमरेला गाठ मारलीत.

"दाजी, धरलं?"

"धरलं."

तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात, ते मी पाहिलं. तुम्ही त्याच्याशी काहीतरी बोललात. मग बराच वेळ तुम्ही त्याच्या मागे होतात आणि मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. मग दोन हिसके आले. मी ओढायला लागलो. वजन तुमच्या दोघांचं आहे, असं मी धरून चाललो. तो जड होता, त्यामुळे मला संशय आला नाही.

माणूस काठावर आला आणि मी त्याच्या मागे पाहिलं. तुम्ही मेढीपाशीच होतात. पाणी तुमच्या हनुवटीला होतं. तुमचा पाय खाली जुन्या जाळ्यात गुरफटला होता आणि ते जाळं तुम्हाला खाली खेचत होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. हिसक्यांच्या भाषेत तुमच्याकडे दोनच शब्द होते, म्हणून तुम्ही त्यातला एक वापरलात.

गाठ सोडवायला वेळ लागला नाही. तुमची गाठ ओली झाली तरी एका बोटाने सुटते. मी दोर फेकला, तो अर्ध्यात पडला. पुन्हा फेकला, पुन्हा अर्ध्यात पडला. तुम्ही हात वर केलात. बोलावत होतात की थांब म्हणत होतात, मला कळलं नाही. दोर धरण्याच्या अवस्थेत दुसरं कोणी नव्हतं. मी दोर गोळा केला आणि नेहमी उभा राहतो तसा उभा राहिलो, टाचा रोवून. मला पोहता येत होतं आणि मी उभा होतो. मग मेढ होती आणि पाणी होतं. महादूची नाव वर आली, तेव्हा मी तसाच उभा होतो. इसाकने माझ्या मुठी उघडल्या.

तुम्ही दोन नियम घालून दिले होते. एक मी पाळला. दुसरा तुम्ही मोडलात.

महादूला मी काही सांगितलं नव्हतं, तरी तो आपणहून म्हणाला, "त्या जाळ्यात कोन बी गेलं आस्तं तरी दुसरं मढं काढाया लागलं आस्तं." तो पाण्यातला माणूस आहे. त्याचं खरं असेल. मी ते मनाशी म्हणून पाहतो. वाक्य बरोबर आहे, पण ते माझ्याबद्दलचं वाटत नाही.

तेराव्यानंतर आम्ही कुंडलहून परतलो, त्याच दुपारी साताऱ्याचे ते गृहस्थ बायकोला घेऊन घरी आले. मी त्यांना ओळखलं नाही. कोरड्या कपड्यांत ते वेगळे दिसत होते. खुर्ची पुढे केली तरी ते सतरंजीवर बसले. त्यांच्या बायकोने पदराच्या आड हात जोडले आणि ते तसेच ठेवले. त्यांचा राग येईल असं मला वाटलं होतं. मी वाट पाहिली, पण तो आला नाही.

ते म्हणाले, "दोर आपण ओढलात ना?"

"हो."

"मी मेढ सोडत नव्हतो. त्यांनी मला विचारलं, कचेरीत काय काम करता, सायेब? मी म्हणालो, आवक-जावक बघतो. ते म्हणाले, मग आता जावक व्हा." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मला अशा वेळी हसू आलं हो. हसताना माझे हात सैल पडले आणि तेवढ्यात त्यांनी गाठ मारली. पाय अडकल्याचं त्यांनी मला सांगितलंच नाही. मी विचारलं, तुम्ही? तर म्हणाले, मागनं येतो."

आत स्वयंपाकघरात शालन हसली. मी ते स्पष्ट ऐकलं. ते हसू मध्येच मोडलं आणि ती रडायला लागली. गृहस्थांची बायको उठून आत गेली. आम्ही दोघे सतरंजीवर समोरासमोर बसून राहिलो. जाताना त्यांनी विचारलं, आम्ही काही करू शकतो का? मी म्हणालो, पोहायला शिका. मला ते कडूपणाने म्हणायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "शिकतो." चहा राहिला. ठेवायचं कोणाला सुचलंच नाही.

ते गेल्यावर शालन बाहेर आली आणि उंबऱ्याशी बसली. तेरा दिवसांत तिने मला एक गोष्ट विचारली नव्हती, आणि ती विचारणार, म्हणून मी रोज तयार होत होतो. मी वाचनालयाच्या नोंदवहीला अस्तर लावत बसलो होतो. ती म्हणाली,

"तुमी आत का न्हाई गेला, आसं मी इचारनार न्हाई."

लग्नाला सतरा वर्षं झाली. सांगलीत आल्यापासून ती माझ्याशी माझ्यासारखं बोलते. त्या दिवशी कुंडलचं बोलली.

मी म्हणालो, "विचार. विचारायला हवं."

"दादाला ठावं व्हतं."

"काय?"

"तुमास्नी पोहाया येतं त्ये. भाऊबीजंला मीच सांगितलं. ववाळताना तोंडातनं निघून गेलं."

मी विचारलं, "मग काय म्हणाले?"

"हसला. म्हनला, बरं झालं शिकलं. आन् म्हनला, मला कळलंय म्हून त्येंस्नी सांगू नगंस, उगं वशाळत्याल. मी म्हनलं, आरं पर तुझा नेम? तर म्हनला, नेम बाकीच्यांस्नी. दाजी दोर सोडनार न्हाईत. त्येंच्या हातात हाय म्हून तर मी लांबवर जातो."

ती उठून दिवा लावायला गेली. तिने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की मला माहीत असावं म्हणून, हे मी तिला विचारलं नाही.

आबा, भाऊबीज ते संक्रांत, म्हणजे अडीच महिने झाले. त्या काळात तुम्ही मला किती वेळा विचारलंत, "धरलं?" तुम्हाला सगळं ठाऊक असताना विचारलंत. मी दोन वर्षं जे लपवत होतो, ते लपलेलं नव्हतं, ही एक गोष्ट हलकी झाली. दुसरी झाली नाही. तुम्ही लांबवर जात होतात. मेढीपर्यंत जायला नको होतं, महादूची नाव परत येईपर्यंत त्या गृहस्थांनी तग धरला असता, असं मला तेरा दिवस वाटत होतं. आता कळतं, तुम्ही का गेलात. तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात तो विश्वास होता, हे मला समजतं. पण हा दोर सोडणार नाही, असं ज्याच्याबद्दल ठामपणे सांगता येतं, तो माणूस कसा असतो, याचाही मी विचार करतो. तुम्ही समोर असता तर मी हे विचारलं असतं. तुम्ही उसाचा भाव विचारला असतात.

भांडणाचंही राहिलंच. त्यांच्या हौसेसाठी तुम्ही का जायचं, हे मला अजून पटलेलं नाही. ते गृहस्थ तीस वर्षं आवक-जावक पाहत आले आहेत. होडीत ते पहिल्यांदाच बसले होते. त्यांच्या बायकोने आत शालनला सांगितलं की होडी उलटायच्या आधी ते गाणं म्हणत होते, घरी ते कधी गात नाहीत. शालनने मला हे रात्री जेवताना सांगितलं. मी ऐकून घेतलं. तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट झाली, एवढंच मी म्हणतो.

काल रविवार होता. मी दुपारी घाटावर गेलो. महादू आणि इसाक नावेपाशी होते. मी म्हणालो, "मला पोहता येतं."

इसाकने हातातली ट्यूब खाली ठेवली.

"दोन वर्षं झाली. आबांच्या नियमाप्रमाणे दोर दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवा."

इसाकने विचारलं, "त्या दिशी बी येत व्हतं?"

"हो."

"आन् सोडला?"

"नाही."

महादू नाव पाण्यात ढकलत होता. वर न बघता तो म्हणाला, "मग धरा की. कशाला इळ घालवताय?"

नदीवर चार होड्या होत्या. एका होडीत दोन कुटुंबं दाटीने बसली होती, एक बाई उभी राहून हात हलवत होती. इसाक ओरडला, "खाली बसा, बाय!" ती बसली. दिवेलागणीच्या आत चारही होड्या घाटाला लागल्या. कोणाला पाण्यात उतरावं लागलं नाही.

आम्ही आता तिघे आहोत. पाण्यात महादू उतरणार. तो उतरला की नाव इसाक सांभाळणार. दोर माझ्याकडे आहे. ट्यूबा कोणी टाकायच्या, ते अजून ठरलेलं नाही.